कॅटकॉन का बिघडतो?

मोटारीच्या इंजिनातून निघालेला धूर मागच्या नळीपर्यंत पोचण्याआधी ज्या पोलादी डब्यातून जातो, त्याला अभियांत्रिकीच्या पुस्तकांत उत्प्रेरक परिवर्तक आणि गॅरेजमध्ये ‘कॅटकॉन’ म्हणतात. हा डबा निकामी झाला की मालकाला मोठ्या खर्चाचा आकडा सांगितला जातो, आणि तो खर्च नको असेल तर डबा आतून पोकळ करून घेण्याचा सल्लाही बहुधा त्याच ठिकाणी मिळतो. या दोन्ही सल्ल्यांत एक प्रश्न विचारायचा राहून जातो, तो म्हणजे डबा बिघडलाच का. कॅटकॉन आपण होऊन क्वचितच बिघडतो; ठिणगीतला, इंधनातला किंवा तेलातला एखादा दोष महिनोन्‌महिने तसाच राहिला की त्याचा शेवटचा परिणाम या डब्यात उमटतो, आणि मूळ दोष न शोधता बसवलेला नवा डबा काही महिन्यांत जुन्याच्याच वाटेने जातो.

वाशिम जिल्ह्यात हा विषय समजून घेण्याला विशेष कारण आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या सहा तालुक्यांच्या जिल्ह्यात, जिथल्या गाड्यांच्या पाटीवर एमएच-३७ हा संकेतांक असतो, मोटारीचा वापर एकसारखा नसतो. तीच गाडी आठवडाभर वाशिम शहरात अकोला नाका ते पुसद नाका अशा चार-दोन किलोमीटरांच्या फेऱ्या मारते, हंगामात पांदण रस्त्याने खालच्या गिअरवर पोती ओढते आणि एखाद्या दिवशी शेलूबाजार किंवा कारंज्याजवळून समृद्धी महामार्गावर चढून नागपूरपर्यंत न थांबता धावते. नागपूर ते शिर्डी हा त्या महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाल्यापासून असे दीर्घ वेगवान प्रवास नित्याचे झाले आहेत. छोट्या फेऱ्यांत धूरमार्ग पुरेसा तापत नाही आणि लांबच्या धावेत इंजिनातला लहान दोषही मोठे नुकसान करतो, म्हणजे धूरमार्गाला दोन्ही टोकांचा त्रास एकाच गाडीत सोसावा लागतो. शिवाय कंपनीचे सुसज्ज सेवा केंद्र गाठायचे तर अनेकांना सुमारे ८० किलोमीटरवरच्या अकोल्याला जावे लागते, त्यामुळे निदानाचे पहिले पाऊल गावातल्या मिस्त्रीकडे किंवा स्वतः मालकाकडेच पडते.

डब्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी, दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ६० बारीक नलिका असलेली एक सिरॅमिक वीट बसवलेली असते आणि तिच्याभोवती धक्के झेलणारी तंतूंची गादी गुंडाळलेली असते. विटेच्या नलिकांना ॲल्युमिनाचा खरखरीत लेप दिलेला असतो, ज्यामुळे धुराला स्पर्श करणारे क्षेत्रफळ प्रचंड वाढते, आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. एका डब्यात त्यांचे एकूण वजन काही ग्रॅमच भरते. उत्प्रेरक म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारा पण स्वतः न खर्च होणारा पदार्थ. येथे तो तीन कामे करतो: विषारी कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड करतो, न जळालेल्या इंधनाचे म्हणजे हायड्रोकार्बनांचे पाणी व कार्बन डायऑक्साइड करतो आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांतून ऑक्सिजन काढून घेऊन निरुपद्रवी नायट्रोजन उरवतो. हे काम साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला सुरू होते, म्हणून गाडी सुरू केल्यानंतरची पहिली एक-दोन मिनिटे प्रदूषणाच्या दृष्टीने सर्वांत वाईट असतात.

तिन्ही कामे एकाच वेळी व्हायची तर हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण अगदी नेमके असावे लागते. शुद्ध पेट्रोलसाठी ते वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असे आहे, आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी हवेचा भाग थोडा कमी लागतो. हे प्रमाण राखण्यासाठी डब्याच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो, जो धुरात उरलेला ऑक्सिजन मोजून इंजिनाच्या संगणकाला कळवतो, आणि संगणक त्याप्रमाणे इंजेक्टर जास्त किंवा कमी वेळ उघडतो. डब्याच्या नंतर दुसरा सेन्सर असतो, त्याचे मुख्य काम डब्यावर पाळत ठेवण्याचे आहे. विटेच्या लेपातला सेरियम ऑक्साइड हा पदार्थ ऑक्सिजन साठवतो आणि गरजेप्रमाणे सोडतो, त्यामुळे डबा निरोगी असेल तर पहिल्या सेन्सरचा विद्युतदाब सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होत असताना मागच्या सेन्सरची रेघ जवळजवळ स्थिर राहते. मागची रेघही पुढच्याबरोबर नाचू लागली, तर डब्याची साठवणक्षमता गेली असा अर्थ संगणक काढतो आणि डॅशबोर्डवर इंजिनाचे पिवळे चिन्ह पेटवतो.

भारतात ही व्यवस्था आली ती शिशाच्या प्रश्नाबरोबरच आली. पेट्रोलमध्ये पूर्वी शिशाचे संयुग मिसळत असत, आणि शिसे मौल्यवान धातूंच्या कणांवर बसले की उत्प्रेरक कायमचा निष्क्रिय होतो. त्यामुळे कॅटकॉन सक्तीचा करायचा तर आधी शिसेविरहित पेट्रोल पुरवणे भाग होते. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो बंधनकारक झाला, आणि देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले ते १ फेब्रुवारी २००० पासून. पुढे १ एप्रिल २०१७ रोजी बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ ही उत्सर्जन मानके संपूर्ण देशाला लागू झाली, इंधनातील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आली आणि त्याबरोबर डब्यावरची इलेक्ट्रॉनिक पाळतही अधिक कडक झाली. १ एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत तर प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाचाही हिशेब धरला जातो. म्हणून जुन्या मारुतीत जो जुगाड वर्षानुवर्षे खपून गेला, तो नव्या गाडीत पहिल्याच आठवड्यात दिवा पेटवतो.

निदानाचे सर्वांत स्वस्त साधन प्रत्येक मालकाच्या गाडीतच असते आणि त्याकडे बहुतेक कोणी वाचण्याच्या नजरेने पाहत नाही. ते म्हणजे प्रदूषण तपासणीच्या पीयूसी केंद्रावर मिळणारी चिठ्ठी. नव्या गाडीला पहिले वर्ष ही तपासणी लागत नाही, त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना ती वर्षातून एकदा लागते. बीएस-४ व त्यापुढच्या पेट्रोल गाडीसाठी इंजिन मंद गतीवर असताना कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत आणि हायड्रोकार्बन दशलक्ष भागांत २०० च्या आत असावे लागते. मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.२ टक्के आहे आणि हवा-इंधनाचे गुणोत्तर दाखवणारा लॅम्डा हा आकडा ०.९७ ते १.०३ च्या मध्ये असावा लागतो. या आकड्यांचा अर्थ लावता येतो. कार्बन मोनॉक्साइड चढले असेल तर पेट्रोल जास्त पडत आहे, म्हणजे एअर फिल्टर तुंबलेला आहे, एखादा इंजेक्टर गळतो आहे किंवा पुढचा सेन्सर चुकीचे सांगतो आहे, अशी शंका घ्यावी. हायड्रोकार्बन चढून कार्बन मोनॉक्साइड मात्र मर्यादेत असेल, तर एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन जळतच नाही, याला गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ मारते म्हणतात. लॅम्डा १.०३ च्या वर गेला असेल तर धूरमार्गात कुठेतरी बाहेरची हवा शिरते आहे किंवा मिश्रण खरोखरच पातळ आहे. आणि दोन्ही वायू मर्यादेच्या बरेच खाली असूनही दिवा पेटत असेल, तर डबा बदलण्याची घाई न करता सेन्सर आणि सांधे आधी तपासावेत. मागच्या दोन-तीन वर्षांच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या तर आकडे हळूहळू चढत आहेत की एकाएकी उसळले आहेत हेही कळते, आणि निदानात या फरकाला फार किंमत आहे. चिठ्ठी केवळ दंड टाळण्यासाठी घेतली जाते, आणि गाडी प्रत्यक्ष केंद्रावर न नेता ती मिळवण्याचा प्रयत्नही होतो. असा मालक स्वतःच्या इंजिनाची वर्षातून एकदा होणारी तपासणी हातची घालवतो.

दिवा पेटला तर त्याच्या वागण्यात भेद आहे. तो स्थिर पेटलेला असेल तर काही दिवसांत गाडी दाखवली तरी चालते. तो लुकलुकत असेल तर मिसिंग इतके आहे की न जळालेले पेट्रोल डब्यात जाऊन तेथे पेटत आहे, आणि अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडून, वेग कमी करून गाडी शक्य तितक्या लवकर थांबवणे हाच उपाय आहे. समृद्धीवर अशा अवस्थेत पुढच्या फाट्यापर्यंत रेटून नेलेल्या गाडीत डबा आतून वितळण्याइतका तापू शकतो. सिरॅमिक वीट सुमारे १,४०० अंशांच्या पुढे वितळते, पण त्याच्या बरेच आधी, साधारण ९०० ते १,००० अंशांच्या आसपास, धातूंचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि डब्याची क्षमता कायमची घटते. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही.

आता स्कॅनर वाशिम-रिसोडसारख्या गावांतल्या बऱ्याच गॅरेजांतही दिसतो, पण त्याने दाखवलेला कोड हा निष्कर्ष आहे असे मानण्याची चूक सर्रास होते. पी-०४२० हा कोड डब्याची कार्यक्षमता ठरावीक पातळीखाली गेल्याचे सांगतो. ती का गेली हे तो सांगत नाही. त्याच्यासोबत पी-०३०० ते पी-०३०४ यांपैकी एखादा मिसिंगचा कोड असेल तर प्लग, कॉइल व इंजेक्टर यांची तपासणी आधी झाली पाहिजे. पी-०१७१ असेल तर मिश्रण पातळ आहे आणि पी-०१७२ असेल तर ते घट्ट आहे. स्कॅनरवर ‘फ्यूल ट्रिम’ नावाचे टक्केवारीचे आकडे दिसतात, म्हणजे संगणकाला ठरलेल्या मापापेक्षा पेट्रोल किती वाढवावे किंवा कमी करावे लागते आहे याची नोंद. ती दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांच्या आत असेल तर इंधनाची बाजू साधारणपणे ठीक समजावी. कोड पुसण्याआधी, तो उमटला त्या क्षणी इंजिनाचे तापमान, वेग आणि भार काय होता याची स्कॅनरमध्ये साठलेली नोंद लिहून घेणे आवश्यक आहे, कारण कोड पुसला की तीही जाते. कोड पुसून गाडी परत देणे ही दुरुस्ती नव्हे. दोष कायम असेल तर काही दिवसांच्या चालवण्यानंतर दिवा पुन्हा पेटतोच.

यानंतर गळती पाहावी. मॅनिफोल्ड, म्हणजे सर्व सिलिंडरांचा धूर एकत्र आणणारी बिडाची किंवा पत्र्याची नळी, आणि तिच्यापुढचे पॅकिंग तडकले की थंड इंजिन सुरू करताना टिक-टिक आवाज येतो आणि पत्रा तापून फुगला की तो कमी होतो. धुराचे ठोके बाहेर पडत असले तरी दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी तेथूनच बाहेरची हवा आत ओढली जाते, पुढच्या सेन्सरला खोटा ऑक्सिजन दिसतो, संगणक पेट्रोल वाढवतो आणि निरोगी डब्याचे खरोखरच नुकसान होऊ लागते. यासाठी महागडे यंत्र लागत नाही: इंजिन थंड असताना सुरू करून एकाने जाड ओल्या कापडाने मागची नळी काही क्षण दाबून धरावी आणि दुसऱ्याने सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडून बुडबुडे पाहावेत, सांध्यांभोवती काजळीचा काळा पट्टा दिसला तर गळती जुनी आहे. गाडी जॅकवर नुसती तोलून तिच्याखाली शिरणे मात्र जीवघेणे आहे, आणि हे काम बंद शेडमध्ये करू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मॅनिफोल्डची गळती केबिनमध्ये शिरत असेल तर प्रवाशांना डोकेदुखी आणि गुंगी येते, आणि तो त्रास उन्हाचा किंवा गाडी लागल्याचा समजला जातो.

डबा तुंबला आहे का, हा प्रश्न वेगळा आहे. तुंबलेल्या डब्यात गाडी सुरू होते, जागेवर नीट चालते, पण पिकअप जातो आणि मालेगाव-मेडशीकडच्या चढावर ती दम सोडते. इंजिनाला श्वास सोडता येत नसल्याने नवीन हवाही पुरेशी आत येत नाही. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या आट्यांत दाबमापक बसवला की खात्री होते: २,५०० फेऱ्यांवर मागचा दाब साधारण ०.२ बारच्या, म्हणजे चौरस इंचाला ३ पौंडांच्या वर जात असेल तर अडथळा आहे. मापक नसेल तर इंजिनाच्या इनटेकवर निर्वातमापक लावून तीच गती मिनिटभर धरावी. काटा हळूहळू घसरत गेला तर अर्थ तोच. रबरी हातोडीने डब्यावर हलकेच ठोकल्यावर आत तुकडे खुळखुळले तर वीट फुटली आहे, आणि तिचे तुकडे पुढे सरकून सायलेन्सरही बंद करू शकतात. इन्फ्रारेड थर्मामीटरने पुढची व मागची बाजू मोजण्याची पद्धत लोकप्रिय आहे, परंतु आजच्या गाड्यांत धुरात जाळण्यासारखे इतके थोडे उरते की दोन्ही तापमानांतला फरक लहान असतो. त्या एका मोजणीवर डबा बाद ठरवणे अन्यायाचे आहे.

डबा खरोखर खराब ठरला, तर खरे काम, म्हणजे मूळ दोष शोधणे, येथून सुरू होते. मिसिंगचे कारण बहुधा झिजलेला प्लग किंवा कमजोर कॉइल असते, ज्यांची किंमत डब्याच्या मानाने अगदी किरकोळ आहे. गॅस किट लावलेल्या गाड्यांत ठिणगीला अधिक विद्युतदाब लागतो आणि जुने प्लग तेथे आधी हार मानतात. इंजिन तेल खात असेल, गाडीला रेस दिल्यावर निळसर धूर येत असेल, तर तेलातील झीजरोधक द्रव्यांमधला फॉस्फरस व जस्त विटेवर काचेसारखा थर बसवतात, आणि पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील बदलल्याशिवाय नव्या डब्याला आयुष्य नाही. रेडिएटरचे पाणी विनाकारण कमी होत असेल आणि गोडसर वासाचा दाट पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केटमधून कूलंट सिलिंडरमध्ये उतरते आहे, आणि त्यातली सिलिकेट द्रव्ये सेन्सर व वीट दोन्ही खराब करतात. भेसळयुक्त इंधनाचेही तेच. काळा धूर जादा पेट्रोलचा, आणि सडक्या अंड्यासारखा वास हा गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड होत असल्याचा. तोही बहुधा मिश्रण घट्ट असल्याकडे बोट दाखवतो. हिवाळ्यातल्या सकाळी नळीतून येणारी विरळ वाफ आणि ठिबकणारे पाणी मात्र दोष नव्हे. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते, ते थंड नळीत थेंब होऊन साचते आणि गाडी तापली की उडून जाते. ज्या गाडीला गावातल्या गावात फिरवतात तिच्यात ते कधीच पुरते उडत नाही, आम्लयुक्त होऊन सायलेन्सरच्या तळाशी साचते आणि पत्रा आतून खाते; आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर नेलेल्या गाडीचा सायलेन्सर जास्त टिकतो.

या जिल्ह्यात आणखी एक धोका ऋतूप्रमाणे येतो. सोयाबीन निघण्याच्या दिवसांत, सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत, वाळलेले कुटार शेताच्या बांधावर, खळ्यात आणि कित्येक ठिकाणी रस्त्याच्या कडेलाही पसरलेले असते. चालत्या गाडीचा डबा बाहेरूनही काही शे अंश तापलेला असतो आणि मिसिंग असेल तर त्याहून खूप अधिक. त्याच्याभोवतीचे उष्णतारोधक पत्रे गंजून किंवा दगड लागून पडलेले असतील तर कुटाराच्या ढिगावर उभी केलेली गाडी आग लावू शकते. हे पत्रे खडखड करतात म्हणून काढून टाकण्याची पद्धत धोक्याची आहे. ते क्लॅम्पने पुन्हा बांधावेत, आणि गाडी उघड्या मातीवर उभी करावी.

डिझेल गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. बीएस-६ डिझेल गाडीत कॅटकॉनच्या जोडीला काजळी पकडणारा डीपीएफ हा गाळणीचा डबा असतो, त्यात साठलेली काजळी ५५० ते ६०० अंशांच्या आसपास जाळून टाकावी लागते, आणि हे तापमान गावातल्या मंद फेऱ्यांत येत नाही. संगणक जास्तीचे डिझेल सोडून ते आणण्याचा प्रयत्न करतो, पण मध्येच गाडी बंद झाली की काम अर्धवट राहते, डिझेल इंजिन तेलात उतरते, तेलाची पातळी वाढते आणि अखेर डीपीएफचा दिवा पेटतो. दिवा पेटल्याबरोबर वीस-तीस मिनिटे एकसारख्या वेगाने, पुस्तिकेत सांगितलेल्या गतीवर गाडी चालवली तर बहुतेक वेळा तो विझतो. दुर्लक्ष केले तर डबा उतरवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. अशा गाडीत कमी राखेचे, कंपनीने नेमून दिलेलेच तेल घालावे, कारण काजळी जळते पण तेलाची राख जळत नाही.

काही डिझेल गाड्यांत नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी डीईएफ नावाचे द्रावण लागते, ज्यात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी खनिजमुक्त पाणी असते. युरिया हा शब्द ऐकून घरातल्या पोत्यातला युरिया पाण्यात कालवण्याचा मोह शेतीप्रधान जिल्ह्यात होणे स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच येथे स्पष्ट सांगणे गरजेचे आहे: २०१५ पासून शेतीच्या युरियाला निंबोळी तेलाचे वेष्टन असते, त्यात इतर अशुद्धीही असतात, त्यांनी पंप, नोझल व उत्प्रेरक तिन्ही निकामी होतात, आणि अनुदानित युरिया शेतीखेरीज अन्य कामाला वापरणे खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार गुन्हा आहे. त्या एका पोत्याची बचत लाखाच्या घरातल्या खर्चात बुडू शकते.

डबा पोकळ करण्याचा सल्ला देणारे सांगतात की मायलेज वाढते आणि गाडी मोकळी होते. तुंबलेला डबा पोकळ केल्यावर गाडी मोकळी वाटते यात नवल नाही, कारण अडथळा गेला. पण तोच परिणाम मूळ दोष काढून योग्य डबा बसवल्यानेही मिळाला असता, आणि निरोगी डबा काढल्याने होणारा फायदा नगण्य असतो. त्या बदल्यात वाशिमच्या पाटणी चौकासारख्या गर्दीच्या जागी शाळेतून परतणाऱ्या मुलांच्या तोंडाच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइड आणि बेंझिनयुक्त धूर सोडला जातो. कायद्यानेही हा मार्ग बंद आहे: मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत असा बदल करता येत नाही, २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि प्रदूषणाची मानके मोडल्याबद्दल कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. या व्यवहारात मालकाच्या लक्षात न येणारी आणखी एक बाब म्हणजे काढलेली वीट कुठे जाते. तिच्यातल्या धातूंना भंगारात चांगला भाव येतो. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात आणि गुजरातेत मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाण्याचे जे प्रकार वारंवार नोंदले गेले, ते या विटेच्या भुकटीसाठीच. फुकटात डबा मोकळा करून देणारा बहुधा फुकट काम करत नसतो.

दुरुस्तीत काय धरावे आणि काय सोडावे, हेही ठरवता येते. फाटलेली लवचीक नळी, गळके पॅकिंग, तुटलेली रबरी माउंटिंग, सायलेन्सरच्या पत्र्यावरचे छिद्र ही कामे गावातला वेल्डर उत्तम करतो. मात्र वेल्डिंगआधी बॅटरीची वायर सोडावी आणि ऑक्सिजन सेन्सर काढून ठेवावेत, अन्यथा इंजिनाचा संगणक जळण्याची भीती असते. रसायनाने कॅटकॉन धुण्याच्या जाहिराती असतात, त्यांतून वरवरची काजळी निघते, वितळलेली वीट किंवा फॉस्फरसचा थर निघत नाही, आणि आम्लाने धुतले तर मूळ लेपच निघून जातो. मागच्या सेन्सरला स्पेसर लावून तो धुरापासून दूर सरकवणे म्हणजे संगणकाला फसवणे आहे. डबा बदलायचाच असेल तर आधी गाडीच्या पुस्तिकेतील उत्सर्जन हमीचे कलम वाचावे, कारण हमीच्या काळात, वेळच्या वेळी काढलेल्या पीयूसी चिठ्ठ्या हाती असतील, तर तो खर्च मालकावर येण्याची गरजच नसते. हमी संपली असेल तर चेसिस क्रमांकावरून मिळणारा नेमका भाग घ्यावा. बाजारातल्या स्वस्त डब्यांत धातूंचे प्रमाण इतके कमी असू शकते की सुरुवातीला दिवा विझतो आणि वर्षाच्या आत परत पेटतो.

बसवताना प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण पाहावा, दोन्ही बाजूंचे पॅकिंग नवीन घ्यावे आणि सेन्सरच्या आट्यांना लावायचे ग्रीस त्याच्या टोकाला लागू देऊ नये. कोड पुसल्यानंतर संगणक डब्याची स्वतःची चाचणी पूर्ण करायला थंड सुरुवात, शहरातली चाल आणि मोकळ्या रस्त्यावरची स्थिर धाव या सगळ्यांची वाट पाहतो, म्हणून दिवा त्याच संध्याकाळी विझलेला दिसला तरी काम झाले असे समजू नये. दोन-तीन दिवस नेहमीसारखी गाडी चालवून स्कॅनरवर ती चाचणी पूर्ण झाल्याचे पाहावे आणि मग पीयूसी केंद्रावर जाऊन नवे आकडे जुन्या चिठ्ठीशेजारी ठेवावेत. बिलावर नव्या डब्याचा भाग क्रमांक, मूळ दोष म्हणून काय बदलले त्याची नोंद, आणि जुना डबा मालकाला परत दिला की गॅरेजने किंमत देऊन ठेवून घेतला, या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात.